लागू नसेल ते खोडावे

बावीस वर्षं जी बाई चौकशीला बसली, तिचीच चौकशी लागली. पहिल्या दिवशी हा विनोद ऑफिसात सगळ्यांनी केला, दुसऱ्या दिवशी निम्म्यांनी केला आणि तिसऱ्या दिवशी कुणालाच करावासा वाटेना. कारण तोवर कागद आला होता. त्यावर दोन वेळा होत्या. अकरा वाजता मुख्य कार्यालयातले चौकशी अधिकारी बाईंना प्रश्न विचारणार, आणि चार वाजता कुत्रे धरायची गाडी फाटकाशी येणार. त्या गाडीत कुत्रा चढायचा की नाही, हे बाईंच्या उत्तरावर ठरणार होतं.

शिपायाने गाडीबद्दल माहिती काढून आणली होती. धरलेली कुत्री गावाबाहेरच्या आवारात नेतात, तरणी असतील तर कुणी घेऊनही जातं. म्हातारी सात दिवस ठेवतात. आठव्या दिवशी काय करतात हे शिपायाने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. आमचा कुत्रा म्हातारा होता, एका पायाने लंगडा होता आणि दोन्ही कानांनी ठार बहिरा होता. म्हणजे हिशेब सरळ होता.

आता ही बाई कोण ते सांगतो. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात शिरलं की डाव्या हाताला काचेची खिडकी, वर पत्र्याची पाटी, 'चौकशी'. काचेला बोलण्यापुरतं गोल भोक, खाली कागद सरकवायला फट. त्या भोकाच्या पलीकडे चौकशीबाई. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते हाक मारायला कुणी वापरत नसे. भाजीवालीसुद्धा 'या चौकशीबाई' म्हणायची. बाई नाकासमोर चालणाऱ्या. बावीस वर्षांत ऑफिसची पेन्सिल घरी नेली नाही, कुणाला चुकीची माहिती दिली नाही, कुणावर आवाज चढवला नाही. फक्त बोलण्यात कंजूष. दिवसाला तीनशे माणसं येणार, प्रत्येकाला घसा कोरडा करून सांगत बसलं तर संध्याकाळपर्यंत माणूस उरेल का? म्हणून त्यांनी बोलणं घासूनपुसून चार वाक्यांवर आणलं होतं. 'ही खिडकी नव्हे.' 'उद्या या.' 'कागदावर असेल तेच खरं.' आणि सगळ्यांत जास्त चालणारं, 'नवा फॉर्म आणा.'

या चौथ्या वाक्याचं कारण असं. नळजोडणीच्या फॉर्मवर सात ठिकाणी 'होय / नाही' छापलेलं होतं आणि शेजारी सूचना होती, लागू नसेल ते खोडावे. सरळ मराठी आहे. पण माणसाची जातच अशी, की जे हवं असतं त्यावरच त्याचं पेन जातं. घर स्वतःचं आहे? होय, असं म्हणत माणूस 'होय'वर झोकात रेघ ओढतो. झालं. कागदावर घर परक्याचं. बाईंना ती रेघ उलट्या बाजूनेसुद्धा दिसायची. त्या फॉर्म फटीतून परत सरकवायच्या, म्हणायच्या, नवा फॉर्म आणा. नवा फॉर्म रस्त्यापलीकडच्या इमारतीत मिळे, आणि तिथे वेगळी रांग असे. खात्याच्या प्रत्येक फॉर्मच्या पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत त्याच चौदा सूचना असत, त्या बाईंना तोंडपाठ होत्या. लोक वाचत नसत. बाई म्हणायच्या, तो त्यांचा प्रश्न.

कुत्रा आला तो एका कडाक्याच्या थंडीत. कधी आत शिरला कुणी पाहिलं नाही. बाईंनी टेबलाखाली चप्पल काढून पाय पसरले तर पायांना काहीतरी ऊबदार लागलं. त्या दचकल्या, कारण कुत्र्यांना त्या लहानपणापासून भीत. पण समोर रांग उभी होती आणि रांगेपुढे किंचाळणं बाईंना शोभलं नसतं. दुपारपर्यंत त्यांनी पाय हलवला नाही, दुपारनंतर हलवावासा वाटला नाही. त्यांचे पाय बारा महिने बर्फ. नवऱ्याने मोजे आणून पाहिले, सुनेने शेगडी आणून पाहिली, आणि उपाय असा चार पायांनी चालत आला. मग डब्यातला शेवटचा घास उरू लागला. बाई कधी त्याला कुरवाळत नव्हत्या, नावाने हाक मारत नव्हत्या. कुणी विचारलं तर 'माझा नाही, ऑफिसचा आहे' म्हणायच्या. शिपाई त्याला धाकटेसाहेब म्हणे, कारण थोरल्या साहेबांसारखाच तोही अकरानंतर झोपे.

फोटोचं प्रकरण घडलं ते फरशी पुसण्यामुळे. त्या दिवशी शिपायाने अवेळी फरशी धुतली, टेबलाखाली ओल झाली. बाई शिक्का आणायला आतल्या खोलीत गेल्या होत्या. बहिऱ्या कुत्र्याने बिचाऱ्याने ओल्या जमिनीवरून पाय उचलले आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं तो खुर्चीवर चढून बसला. खुर्चीच्या पाठीवर बाईंची शाल होती, ती अर्धी त्याच्या खांद्यावर आली. डोळे अर्धे मिटलेले, एक कान दुमडलेला, तोंडावर 'आता काय आणलंत?' असा भाव. वर पाटी. आणि खिडकीपुढे एक चष्मेवाला, जो एका चुकलेल्या रेघेपायी तिसऱ्यांदा परत आला होता. त्याने फोटो काढला, खाली तीनच शब्द लिहिले, 'नवा फॉर्म आणा', आणि दिला सोडून.

चार दिवसांत तो फोटो देशभर पसरला. पहिले हसले ते ज्यांनी रांगा लावल्या होत्या, आणि रांगा कुणी लावलेल्या नसतात? मग लोकांनी आपापले शब्द घातले. दवाखान्यातल्यांनी, बँकेतल्यांनी, घरमालकाला कंटाळलेल्या भाडेकरूंनी. ज्याला कुणी दाद देत नव्हतं, त्याने त्या कुत्र्याच्या तोंडी उत्तर घालून पाठवलं. कपांवर कुत्रा आला, सदऱ्यांवर आला, साबणाच्या जाहिरातीत आला. फुटबॉलच्या सामन्यात पंचाने गोल नाकारला तर वीस हजार लोकांनी एकदम कुत्र्याचे फलक वर केले. शाळेतली पोरं फळ्यावर त्याचं तोंड काढू लागली. भाषेतसुद्धा घुसला तो. 'किती चौकशीला बसतोस, ऊठ, कामाला लाग' असं आया मुलांना म्हणू लागल्या, आणि यातल्या निम्म्या आयांना हे कुठून आलं ते माहीत नव्हतं.

बाईंना हे घरी सुनेने दाखवलं. सून फोन दुरुस्तीच्या दुकानात कामाला, तिला यातलं सगळं कळे. तिने समजावलं, की याला मीम म्हणतात, चित्र तेच राहतं आणि शब्द ज्याचे त्याचे. बाई एकेक चित्र बघत गेल्या. आधी हसल्या. मग हसू कमी होत गेलं. ही खिडकी नव्हे. उद्या या. कागदावर असेल तेच खरं. शब्द ज्याचे त्याचे कुठले? शब्द सगळे बाईंचे होते. चष्मेवाल्याने त्याच फोटोखाली त्यांची बाकीची वाक्यंही घालून टाकली होती, आणि बावीस वर्षं काचेतून जे ऐकलं ते बाकीच्यांनीही ओळखून उचललं होतं. चित्र कुत्र्याचं आणि तोंड आपलं, हे त्यांना कळलं. सून म्हणाली, "अहो आई, मनावर घेऊ नका, लोकांना गंमत वाटते." बाईंनी फोन परत दिला आणि ताट घ्यायला उठल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. लाज वाटली त्यांना, सरळ सांगायचं तर.

थोरले साहेब मात्र आधी हवेत होते. लोक कुत्रा पाहायला येऊ लागले, साहेबांनी त्याच्याबरोबर स्वतःचा फोटो काढून केबिनमध्ये लावला. पण मग विधिमंडळात विरोधकांनी तोच कुत्रा मोठा छापून आणला आणि भर सभागृहात विचारलं, की पाणी मागणाऱ्या जनतेला कुत्र्याच्या तोंडी कोण देतं? झालं! साहेबांचा फोटो दुपारच्या आत भिंतीवरून उतरला. खिळा तेवढा राहिला. पाठोपाठ चौकशीचा कागद.

कागदातला प्रश्न एकच, पण बघा कसा होता. सदर कुत्रा आपल्या मालकीचा आहे काय? होय म्हणावं, तर खासगी जनावर कार्यालयात आणून कार्यालयाची बदनामी केली म्हणून बाई निलंबित. नाही म्हणावं, तर कुत्रा बेवारशी, आणि बेवारशी कुत्र्यासाठी चार वाजता गाडी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, म्हणतात ते हेच. नवऱ्याचे हात गेली सहा वर्षं कापत होते, घड्याळं दुरुस्त करायचा त्याचा धंदा कधीच बसला होता. मुलगा परगावी, सुनेची नोकरी आज आहे उद्या नाही अशी. घर बाईंच्या खुर्चीवर उभं होतं.

त्या सकाळी नवरा म्हणाला, "अगं, नाही म्हण आणि मोकळी हो. खोटं थोडंच आहे? तूच म्हणतेस ना, माझा नाही म्हणून?" बाईंनी मान हलवली. खरंच होतं ते. सून आत आवराआवर करत होती. पण बाई चपला घालायला वळल्या, तेव्हा दाराच्या कोपऱ्यात एक जुनी चादर चौपदरी घडी करून ठेवलेली दिसली. कुणी ठेवली, कशाला, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

अकराला पाच कमी असताना बाई खिडकीवरून उठल्या. त्यांच्या जागी हंगामी मुलगी बसवली होती. बाई केबिनकडे चालू लागल्या आणि कुत्राही उठला. ऐकू येत नसल्यामुळे तो नेहमी त्यांच्या चपलांकडे बघत चालायचा. शिपायाने त्याला अडवलं, तो पायांमधून निसटला आणि लंगडत केबिनमध्ये शिरला. थोरले साहेब खुर्चीत ताठ बसले. चौकशी अधिकारी वयाने लहान होता, शांत, बोलायला गोड. असल्यांचीच जास्त भीती. त्याने कुत्र्याकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं, आणि बसा म्हणाला. बाई बसल्या. कुत्रा टेबलाखाली गेला आणि रोजच्यासारखा त्यांच्या पावलांवर अंग टाकून पडला. त्याच्या दृष्टीने ही दुसरी खिडकी होती, एवढंच.

अधिकाऱ्याने फॉर्म पुढे सरकवला. सदर कुत्रा आपल्या मालकीचा आहे काय? होय / नाही. लागू नसेल ते खोडावे. खाली सही. घरून निघताना त्यांनी 'नाही' ठरवलं होतं. जिन्यात डळमळल्या होत्या. आणि आता पावलांना ती ऊब लागली तेव्हा त्यांना आठव्या दिवसाची आठवण झाली, आणि मनात स्वच्छ उत्तर आलं. माझा आहे. दोन हिवाळे माझ्या पायाशी निजला, माझ्या डब्यातलं खाल्लं, माझ्या वाट्याचं हसं आपल्या तोंडावर घेतलं. माझा नाही तर कुणाचा? होय. त्यांनी पेन उचललं, एक ठसठशीत रेघ ओढली, सही केली, कागद दिला.

अधिकाऱ्याने वाचलं आणि त्याचा चेहरा सैल झाला. "म्हणजे कुत्रा तुमचा नाही. बरं झालं, बाई. प्रकरण इथेच मिटलं."

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्या वाकल्या, आणि त्यांना ती रेघ उलट्या बाजूने दिसली, जशी बावीस वर्षं दिसत आली होती. रेघ 'होय'वर होती. जे हवं होतं त्यावरच पेन गेलं होतं.

साहेबांनी तोवर चहा मागवला होता. ते म्हणाले, चारपर्यंत कशाला थांबायचं, गाडी जवळच उभी असते, आत्ताच बोलावून घेऊ. त्यांनी फोन उचलला. शिपाई दारात उभा होता, त्याने नजर खाली घातली. बाईंना आता काही करायचंच नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला होता. नोकरी वाचली, घर वाचलं, आणि शिवाय पाप आपल्या हातून जाणूनबुजून झालं नाही, पेन घसरलं, एवढंच. गप्प बसायचं होतं. आणि खोटं कशाला बोलू, त्या बसल्याही. साहेबांनी नंबर फिरवून कुणाशी तरी बोलायला सुरुवात करेपर्यंत त्या मूग गिळून बसल्या होत्या. कुत्र्याने झोपेत पाय झाडला.

"साहेब, तो कागद परत द्या," बाई म्हणाल्या. "माझी रेघ चुकली."

अधिकारी म्हणाला की एका प्रकरणाला एकच फॉर्म असतो, तो भरून झाला. पुन्हा हवा तर मुख्य कार्यालयात लेखी मागणी करावी लागेल, आठ-दहा दिवसांत मिळेल. आणि थोडं हसून म्हणाला, शेवटी कागदावर असेल तेच खरं, नाही का? तो टोमणा होता की सवय, देव जाणे. स्वतःचंच वाक्य भोकाच्या दुसऱ्या बाजूने कसं ऐकू येतं, हे बाईंना त्या दिवशी कळलं. आठ-दहा दिवस म्हणजे कुत्रा गेलेलाच होता.

"नवा फॉर्म नको," बाई म्हणाल्या. "पाठीमागे अकरावी सूचना आहे. खाडाखोड झाल्यास शेजारी सही करावी, अर्ज ग्राह्य धरावा. नियम आहे, साहेब."

अधिकाऱ्याने कागद उलटला आणि डोळे बारीक करून वाचलं. खरंच होती अकरावी सूचना. त्याने कागद पुढे केला. बाईंनी 'नाही'वर रेघ मारली, वर 'होय' लिहिलं, शेजारी सही केली. सगळं मिळून तेवढं पाच मोजेपर्यंत झालं. साहेबांनी फोन खाली ठेवला.

अधिकारी मात्र अजून कागदाकडेच बघत होता. मग त्याने फाइल उघडली. आत चष्मेवाल्याची तक्रार होती. एक रेघ चुकली म्हणून तीन खेपा, तीन दिवसांची रजा, घरात आजारी आई आणि पाणी नाही. त्याने शांतपणे विचारलं, "ही अकरावी सूचना तुम्ही खिडकीवर लोकांना सांगत होतात?"

नवा फॉर्म आणा, हे तीन शब्द होते. शेजारी सही करा, हेही तीनच शब्द होते. बावीस वर्षं, दिवसाला तीनशे माणसं. त्यांनी कधी ठरवून कुणाला त्रास दिला नव्हता. फक्त पहिलं वाक्य जिभेवर बसलं होतं, दुसरं बसवलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"कधीच?"

"कधीच नाही सांगितलं."

त्याने तेही लिहून घेतलं. निलंबन त्या तासापासून. आणि ते कुत्र्यामुळे कमी आणि या उत्तरामुळे जास्त, असं शिपाई अजून सांगतो. हात दाखवून अवलक्षण, असं साहेब म्हणाले. कुत्रा मालकीचा ठरला, तेव्हा तो तातडीने आवाराबाहेर न्यावा, एवढं तोंडी सांगण्यात आलं. पट्टा कुठून आणायचा? शिपायाने फाइलींची नाडी आणली, दुहेरी करून कुत्र्याच्या गळ्यात बांधली. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो ऐकू न येणाऱ्या माणसासारखा वर बघत राहिला.

बाहेर पडायचा रस्ता खिडकीवरूनच जात होता. रांग उभी असताना बाई पहिल्यांदाच काचेच्या या बाजूने चालत होत्या. रांगेत पुढे एक आजोबा होते, हातात फॉर्म. आतून हंगामी मुलीने तो फटीतून परत सरकवला आणि भोकातून आवाज आला, नवा फॉर्म आणा. मुलीचा दोष नव्हता. तिला कामाच्या पहिल्या दिवशी बाईंनीच शिकवलं होतं. आजोबा कागदाची सुरळी करून रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे बघायला लागले.

"आजोबा, थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी फॉर्म काचेवर सपाट धरला, चुकलेली रेघ दाखवली, आपलं पेन दिलं. "वर बरोबर उत्तर लिहा. शेजारी सही करा. चालतं."

आजोबांनी सही केली. कागद आत गेला, मुलीने बाईंकडे बघितलं, बाईंनी मान डोलावली, शिक्का पडला. मागची सगळी रांग बघत होती. कुणीतरी कुत्र्याला ओळखलंसुद्धा, फोन वर झाले. आजोबा पेन परत देताना म्हणाले, "मी चौथ्यांदा येतोय, बाई. एवढं सोपं होतं, तर आजवर सांगितलं का नाही कुणी?"

बाई बावीस वर्षं चौकशीला होत्या, आणि काचेबाहेर उभ्या असताना त्यांना कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न.

"मी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या, आणि नाडी हाताला गुंडाळून कुत्र्याच्या चालीने पायऱ्या उतरू लागल्या.